कोंडवाड्यातली सुप्रभात

अत्यंत गंभीर सूचना. उभे असाल तर बसून घ्या, बसला असाल तर हातातला फोन पालथा ठेवा आणि मन घट्ट करा. आमच्या गावात एक सुप्रभात अटकेत आहे. वर्णन असे: मागे उगवता सूर्य, पुढे लाल गुलाब, गुलाबावर दवाचे थेंब, कोपऱ्यात दोन कबुतरं आणि मधोमध एक सुविचार, ज्यातला शेवटचा शब्द कबुतराच्या पंखाखाली गेला आहे. सापडली तेव्हा प्रकृती ठणठणीत होती. मालकाने समक्ष येऊन ओळख पटवावी आणि घेऊन जावी.

ही सूचना मी काढलेली नाही. ती काढली डोमाजींनी, आणि गावाच्या ग्रुपवर टाकली. मी फक्त तिचं शुद्धलेखन सुधारलं आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

डोमाजी म्हणजे आमच्या गावच्या कोंडवाड्याचे निवृत्त राखणदार. आमचं गाव अड्याळच्या अलीकडे, चारी बाजूंनी धानाच्या बांद्या, म्हणजे भातखाचरं. पूर्वी कुणाचं मोकाट जनावर दुसऱ्याच्या बांदीत शिरून धान खाऊ लागलं, की लोक ते हाकत कोंडवाड्यात आणून टाकत. मालकाने यायचं, दंड भरायचा आणि सोडवून न्यायचं. आता गुरं कमी झाली, ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टर कुणाच्या बांदीत आपणहून शिरत नाही. कोंडवाड्याची भिंत पडली, फाटक कुणीतरी चुलीला लावलं, कुलूप भंगारात गेलं. किल्ली मात्र आहे. ती डोमाजींच्या कमरेला करदोट्यात असते.

माणूस उंच, वाळका, आणि उजवा डोळा कायम अर्धा मिटलेला. तुम्ही नमस्कार केला तरी ते आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. कुणाचं हिरवं खाऊन आलात का, याची खात्री झाली की मग नमस्कार.

संशय हा त्यांचा धंदाच होता. जनावर सोडवायला आलेला माणूस सांगे, "तांबडी गाय, डावं शिंग वाकडं, कान फाटला." डोमाजी मान हलवत. "वर्णन तं चोरबी सांगते. हाक मारून दाखव." मग त्या माणसाने फाटकाबाहेर उभं राहून, घरी मारतो तशी हाक मारायची. गाईने कान टवकारले आणि फाटकाकडे आली, तर ती त्याची. एकदा गावातला एक मोठा शेतकरी गाय सोडवायला आला. हाका मारमारून त्याचा घसा बसला, गाय ढिम्म. मागे उभा असलेला त्याचा गडी खोकला मात्र, आणि गाय धावत आली. डोमाजींनी कासरा गड्याच्या हातात दिला आणि मालकाला मागून चालायला लावलं.

या साऱ्या अनुभवाचं सार त्यांनी एका वाक्यात काढून ठेवलं आहे, आणि ते लग्नात, मयतीत, ग्रामसभेत, कुठेही म्हणतात: "ढोराले कायदा वाचता येत नाही. कुंपण वाचता येते."

आता असा माणूस ग्रुपच्या गादीवर कसा बसला, ते ऐका.

बसस्टॉपजवळ माझं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे. एका दुपारी डोमाजी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आले. हल्ली ते काम फोनवर होतं. फोनसमोर तोंड धरायचं, तो सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची, की माणूस जिवंत ठरतो. फोन म्हणाला, डोळे मिचकावा.

"काहून?" डोमाजींनी विचारलं.

"तुम्ही जिवंत आहात हे त्याला कळायला."

"मी याले डोळा मारू? जन्मात कोनाले मारला नाही, अन् आता डब्ब्याले मारू?"

कसेबसे तयार झाले, तर उजवा डोळा आधीच अर्धा मिटलेला. फोन पुन्हापुन्हा म्हणे, ओळख पटली नाही. डोमाजी भडकले. "बोलून राहिलो, शिव्या देऊन राहिलो, तरी याले मी जिता वाटत नाही! अन् तुह्या भिंतीवरच्या फोटोतला मेलेला माणूस पुढं धरला, तं तो याले जिता वाटन!"

हा खटला चालू असतानाच नरेश आत आला. नरेशचं कृषी केंद्र आहे आणि गावाच्या ग्रुपचा तो ॲडमिन होता. त्याचा चेहरा खताच्या रिकाम्या पोत्यासारखा झाला होता. कुठूनसा मेसेज आला होता, की ग्रुपवर कुणी काही वावगं टाकलं तर गुन्हा ॲडमिनवर. हे खरं का, कलम कोणतं, कुणालाच माहीत नव्हतं. नरेशने भंडाऱ्याच्या एका वकिलाला विचारलं. ते म्हणाले, "सरसकट तसं नाही, पण सांभाळून राहिलेलं बरं." हे उत्तर ऐकून तो जास्तच घाबरला होता. दुकानात बसलेल्या प्रत्येकापुढे त्याने ॲडमिनपद धरून पाहिलं, आणि जो तो तापलेला तवा पुढे यावा तसा मागे सरकला.

डोमाजींनी विचारलं, "ॲडमिन करते काय?"

"कोनाले घ्याव, कोनाले काढाव, कोनता मेसेज ठेवाव, कोनता पुसाव, हे पाह्यते."

"म्हणजे फाटक त्याच्या हाती."

"हो."

"अन् ढोर कोनाच्या वावरात शिरलं, तं बोंब त्याच्या नावानं."

"तसंच समजा."

डोमाजींचा अर्धा डोळा पूर्ण उघडला. तेव्हाच फोनने टुणकन आवाज केला आणि त्यांना जिवंत जाहीर केलं. "मंग हे माह्यंच काम हाय," ते म्हणाले. "मले रिटायर काहून केलं?"

लेकीने लाखांदूरहून पाठवलेला फोन घेऊन ते माझ्याकडे शिकवणीला येऊ लागले. इतका संशयी विद्यार्थी मी पाहिला नाही. "हे मले इचारते, मान्य हाय का? अन् नाही म्हटलं तं पुढंच जाऊ देत नाही. हे इचारणं झालं का हाकलणं?" पण काही गोष्टींवर ते खूश झाले. फार फिरलेला मेसेज एका वेळी पुष्कळांना पाठवता येत नाही, हे कळल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "लोढणं! पळपुट्या गाईच्या गळ्यात लाकूड बांधतो न, तसं लोढणं बांधलं याच्या गळ्यात. हे बनवणाराच्या बापानं ढोरं राखली असन." मेसेजवरचे दोन बाण म्हणजे पुष्कळ हातांतून आलेला, हे सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे लय वावरं चरून आलेलं."

आणि मग त्यांनी आपला कायदा जाहीर केला.

'कोंडवाडा' नावाचा एक वेगळा ग्रुप निघाला. त्यात दोघेच: डोमाजी आणि मी. मी का, तर "पंच लागते." गावाच्या ग्रुपवर बेवारस मेसेज शिरला, की डोमाजी तो कोंडवाड्यात हाकत आणि गावाच्या ग्रुपवरून पुसून टाकत. गावाला फक्त एवढंच दिसे, की ॲडमिनने हा मेसेज काढला आहे. ज्याने टाकला त्याने डोमाजींच्या ओसरीवर समक्ष यायचं आणि तोच मजकूर त्यांच्या डोळ्यात बघून तोंडाने सांगायचा. सांगता आला तर जनावर त्याचं, सुटलं. नाही सांगता आला तर मोकाट.

हाक मारून दाखव!

गावातली शकूबाई आली. मोज्यात कांद्याची चकती ठेवून झोपलं की ताप उतरतो, हा तिचा मेसेज. तिने सुरुवात केली, "मोज्यामंधी कांदा..." डोमाजी म्हणाले, "तुह्या घरी मोजे हायेत का?" शकूबाईने आठवून पाहिलं. "नाही जी." "मंग कोनाले सांगून राहिली?" शकूबाई पदर तोंडाला लावून हसतच घरी गेली. कांदा आजही आत आहे.

प्रवीण नावाचा पोरगेला गडी आला. त्याचा मेसेज शायरीचा होता, काळीज तुटण्याविषयी. "म्हण," डोमाजी म्हणाले. प्रवीणने शेजारच्या गोठ्यातल्या वासराकडे बघत एक ओळ कशीबशी म्हटली आणि घाम पुसला. डोमाजी त्याचे कान निरखत राहिले. "ढोर तुहंच हाय, बाबू. कान लाल झाले. पण हे साऱ्या गावात काहून सोडलं? तिच्याच दारी नेऊन बांध न." सांगायला आनंद वाटतो, की प्रवीणने तसं केलं आणि पुढच्या वैशाखात आम्ही सगळे जेवलो.

मीही सुटलो नाही. गावच्या तलावात मगर आली, असा फोटो मी टाकला होता. "तू पाह्यली?" "फोटोत." "मार हाक." आणि मी, दुकानदार, दोन लेकरांचा बाप, भरल्या ओसरीवर उभा राहून मगरीला हाक मारली. मगर काही आली नाही. माझं नाव मात्र गावात अजून मगरवाला आहे.

गाव काय गप्प बसतं? या माणसाला हवंय काय, यावर पारावर रोज चर्चा. कुणी म्हणे पंचायतीच्या निवडणुकीची तयारी चालली आहे. कुणी म्हणे याच्या मागे कुणीतरी आहे. नरेश तर शपथेवर सांगे, की म्हाताऱ्याला लोकांना दारात उभं करायची चटक लागली आहे. खरं सांगायचं तर मलाही संशय होताच. कारण पंच म्हणून मी बघत होतो: मेसेजचा निकाल लगेच लागे, माणूस सुटत नसे. डोमाजी काळा चहा ठेवत. धान कसं आहे, गुडघा कसा आहे, पोरीचं सासर कसं आहे, अशी जबानी चाले. लोक उठू लागले की म्हणत, "बस न. कोनता गाडा अडून राह्यला?"

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ओसरीवर एरवी एक खाट, एक काठी आणि मांजर.

आता त्या गुलाबाच्या, म्हणजे सुप्रभातीच्या मालकाकडे येऊ. सोमाजी. डोमाजींचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि सगळ्या बाबतीत उलट. गोल, बोलका, हसला की पोट आधी हसतं. रोज पहाटे तलावाच्या बांधाखालची, म्हणजे पाळीखालची आपली बांदी बघायला जातो, आणि वाट डोमाजींच्या दारावरूनच. नातवाने फोन दिल्यापासून तो ग्रुपवर रोज एक फूल टाकू लागला.

फुलं तर अर्धं गाव टाकतं. शकूबाई कमळ टाकते, नरेश चहाचा कप टाकतो. डोमाजी ती मुकाट सोडून देत. पण एके दिवशी सोमाजीचा गुलाब आला आणि तडक आत गेला. दुसऱ्या दिवशी सूर्यफूल, तेही आत. तिसऱ्या दिवशी मोगरा. पंच म्हणून मला तिथेच वास यायला हवा होता.

वर सांगितलेली गंभीर सूचना निघाली, आणि सोमाजी माझ्या दुकानात तणतणत आला.

"मी त्या डोम्यापुढं उभा राहून सुप्रभात म्हणू? मी? आमी एका म्हशीच्या पाठीवर बसून शाळेत गेलो! सुप्रभात का ढोर हाय का, कोंडाले?"

"म्हणून टाका ना, काका. एक शब्द आहे."

"त्याले सांग, मी त्याच्या वाड्यातलं ढोर नाही." आणि माझ्यासमोर त्याने ग्रुपमधून बाहेर पडायचं बटण दाबलं. फोनने विचारलं, नक्की? सोमाजी फोनवरच ओरडला, "नक्की!" डोमाजींच्या फोनवर ओळ उमटली: सोमाजी बाहेर पडले. दुसऱ्या दिवसापासून तो पाळीवरच्या लांबच्या वाटेने बांदीवर जाऊ लागला.

"गेला तं गेला," डोमाजी म्हणाले. "फाटक माह्या हाती हाय."

दोन दिवसांनी ते दुकानात आले, इकडचं तिकडचं बोलले, शाईचा भाव विचारला आणि मग फोन पुढे सरकवला. "त्याले आत घे."

मी घेऊन पाहिलं. फोनने नकार दिला. हे सदस्य स्वतः बाहेर पडले आहेत, त्यांना आमंत्रण पाठवा.

"म्हणजे काय, बाबू?"

"म्हणजे तुम्ही हाकललेल्याला तुम्ही परत घेऊ शकता. आपणहून गेलेल्याला नाही. त्याला निरोप धाडायचा. यायचं की नाही, ते तोच दाबणार."

"फाटक माह्यं, अन् कडी त्याच्याकडं?"

"तसंच बनवलंय."

मला वाटलं, आता बनवणाऱ्याचा उद्धार होणार. पण डोमाजींनी फोन पालथा ठेवला. "बरोबर बनवलं," ते हळू म्हणाले. "जबरदस्तीनं आत घेतलेलं, ते पुन्हा कुंपण तोडते."

आमंत्रण पाठवलं. उत्तर नाही. मग डोमाजी रोज येऊ लागले. रोज काहीतरी निमित्त, आणि निघताना फोन पुढे. "पाह्य बरं, दाबलं का त्यानं?" नसे दाबलेलं. कोंडवाडा ओस पडला. शकूबाईने लसणाचा नवा उपाय टाकला, तर डोमाजींनी तो बघितलाही नाही. पारावर लोक म्हणू लागले, म्हातारा काहीतरी मोठं शिजवतोय.

एका संध्याकाळी मी विचारलंच. "काका, पंच म्हणून विचारतो. बाकीच्यांची फुलं सोडता. सोमाजींचीच कशी अडकली?"

डोमाजी करदोट्यातली किल्ली फिरवत बसले.

"फोन नव्हता, तवा तो रोज पहाटे माह्या घरच्या फाटकावर काठी मारे. दोनदा. अन् वरडे, 'डोम्या, जिता हायेस का बे?' मी आतून म्हणो, 'तुले पोचवल्याबिगर जात नाही!' मंग तो हासत जाये." किल्ली थांबली. "फोन आला, अन् फूल येवाले लागलं. फूल धाडलं का त्याचं काम झालं. फाटकापुढूनच जाते, मान खाली, फोनात. मी खाटेवर बसून पाह्यतो. तो जाते."

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"सरकार वर्षातून एकदा इचारते, जिता हायेस का. हा रोज इचारे." मग लगेच त्यांना आपलं राखणदारपण आठवलं, आणि आवाज चढला. "म्हणून म्हटलं, कोंडतो याची सुप्रभात. मंग येईन न तो समक्ष! तं हा कुंपण तोडूनच गेला!"

तेवढ्यात त्यांच्या हातातल्या फोनवर, त्या आमंत्रणाखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या.

"हे निळं काहून झालं?"

"त्यांनी वाचलं."

"वाचलं, अन् आला नाही?"

"नाही."

डोमाजी उठले. काठी घेतली. "म्हणजे कुंपणापर्यंत आला न. चाल. पंच लागते."

सोमाजीचं घर पाळीच्या टोकाला. सूर्य तलावात उतरत होता, गुरं धूळ उडवत घरी येत होती. सोमाजी गोठ्याशी वासराला बांधत होता. आम्हाला बघून त्याने पाठ केली. त्याची बायको राधाबाई सूप हातात घेऊन दारात आली. तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग डोमाजींकडे दुप्पट संशयाने.

"काय भाऊजी, वाट चुकली का?"

"एक जनावर सोडवाले आलो," डोमाजी म्हणाले.

"आमच्या इथं?"

"हो."

सोमाजी पाठमोराच बोलला. "कोनाचं जनावर?"

"माह्यंच हाय."

"मालक कोन, हे कसं समजाव? वर्णन तं चोरबी सांगते."

राधाबाईने सूप तोंडापुढे धरलं. डोमाजींनी खिशातून फोन काढला, निळ्या खुणांचं आमंत्रण उघडलं आणि कुंपणावरून पुढे केलं.

"तो डब्बा ठेव खिशात," सोमाजी म्हणाला. "हाक मारून दाखव."

मी आयुष्यात पुष्कळ गमती पाहिल्या आहेत, पण असली नाही. ज्या माणसाने शकूबाईला कांदा बोलायला लावला, प्रवीणला काळीज बोलायला लावलं, मला मगरीला हाका मारायला लावल्या, त्याचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. अर्धा डोळा फडफडत होता. आता फोन समोर धरला असता, तर पहिल्या झटक्यात जिवंत ठरले असते.

सोमाजीच्या हातातला कासरा केव्हाच सुटला होता. वासरू गोठ्याबाहेर पडून राधाबाईच्या सुपातलं धान खायला लागलं. तिने ते हाकललं नाही. सोमाजी वळला नव्हता. पण तो हललाही नव्हता, आणि गुरांचं बघितलेल्या माणसाला एवढं कळतं, की कान कुठे लागले आहेत.

डोमाजींनी काठी उचलली आणि सोमाजीच्या बांबूच्या फाटकावर मारली. एकदा. पुन्हा एकदा. तलावावर अंधार पडायला लागला होता, घराघरांत दिवे लागत होते, आणि आमचे डोमाजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"सुप्रभात बे, सोम्या!"